दारापर्यंत चौदा पट्ट्या

४ जानेवारी

चिंगे,

पोहोचलो. बसमधून उतरताना दारातच पाय चिकटले आणि मागे सात माणसं खोळंबली. एकजण म्हणाला, "आजोबा, चला ना." नुसतं चला म्हटल्याने चालता आलं असतं तर तुझ्या दवाखान्यात दोन दिवस कशाला काढले असते?

फोनवर माझा आवाज तुला ऐकू येत नाही, आणि तुझं "काय? काय?" मला ऐकवत नाही. म्हणून हे पत्र. शिवाय रोज एक पान रेघांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं, हा तुझाच हुकूम. ओळ सुरू होताना अक्षर बरं असतं, संपेपर्यंत त्याची मुंगी होते. तुला भिंग लागलं तर माझा इलाज नाही.

त्या टोपीवाल्या पोरीला सांग, आयुष्यात मला कुणी टोपी घालू शकलं नव्हतं, तिने ती चाळीस दिवे लावून घातली. वर म्हणते, "काका, तुमच्या डोक्यात काय चाललंय ते यात दिसतं." मी म्हटलं, ते आमच्या घरी टोपीशिवाय दिसतं. तिने तीन फेऱ्या मारायला लावल्या. पहिलीत नुसतं चालायचं. दुसरीत 'मोठं पाऊल, मोठं पाऊल' असं मनात म्हणत चालायचं. तिसरीत जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय टाकत. आणि तिन्ही फेऱ्यांत कानात एक बाई शब्द सांगत होती, बादली, चमचा, खिडकी, असले. ते लक्षात ठेवून नंतर सांगायचे. मी किती सांगितले ते पोरीने लिहून घेतलं, पण दाखवलं नाही. शाळेत निदान निकाल फळ्यावर लावायचे.

एक मात्र कबूल. पट्ट्यांवर मी चाललो. बेचाळीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवल्या, त्यांच्या पायांखालच्या रेघा सरळ ठेवल्या. त्या रेघा एक दिवस मलाच लागतील असं कधी वाटलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची सोयही मला नाही, कारण अंगण मीच पाणसळ लावून, एका पातळीत बसवलंय.

घरात काय करायचं ते तुझ्या वहिनीला लिहून पाठव. तिला वाटतं, तू सांगितलंस की मी ऐकतो.

दादा


१२ जानेवारी

प्रिय दादा,

भिंग लागलं नाही, चष्मा पुरला. पण शेवटच्या चार ओळी मी दोनदा वाचल्या. मोठं लिही.

तुला हवं होतं ते सोप्यात सांगते. मी रस्त्याने चालते तेव्हा मनात उद्याचे रुग्ण असतात, घरातलं दूध असतं. पाय आपले आपण चालतात, डोक्याच्या पुढच्या भागाला त्यात काही काम नसतं. कंपवातामुळे तुझं ते आपोआप चालणं बंद पडलंय. कारागीर रजेवर गेल्यावर मालकाने स्वतः एकेक फरशी उचलावी, तसं तुझ्या डोक्याचा पुढचा भाग एकेक पाऊल उचलतो. म्हणून तू चालून दमत नाहीस, चालण्याकडे लक्ष देऊन दमतोस. जमिनीवर पट्ट्या असल्या की डोळे पायांना वाट दाखवतात आणि मालकाचं काम हलकं होतं. तुझ्या बाबतीत किती हलकं होतं ते अहवालात येईल. त्याला महिना लागेल.

तोवर सावधगिरी म्हणून एवढं करा. खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत दीड-दीड फुटावर रंगीत चिकटपट्ट्या लावा. आणि हे वहिनीसाठी: दादा पट्ट्यांवर असताना त्याच्याशी अजिबात बोलायचं नाही. लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलं की पाय थांबतात, आणि पाय थांबले की माणूस पडतो. फक्त दारापाशी वळताना तो अडकेल, तेव्हा तिने ठोक्यात "एक, दोन, डावा" म्हणायचं.

वहिनीला सांग, हा नियम मोडला तर मी तिकडे येऊन भांडेन.

चिंगी


२ फेब्रुवारी

चिंगे,

चिकटपट्ट्या? मी फरशीवाला आहे, वाढदिवसाची सजावट करणारा नाही. माझ्या हाताखालचा जुना कारागीर आला, त्याने फरशीत खाचा मारल्या आणि काळ्या दगडाच्या चौदा पट्ट्या बसवल्या. नख फिरवलं तरी उंचवटा लागत नाही. माझा हात थरथरतो म्हणून सूत तुझ्या वहिनीने धरलं, आणि सांधेही तिनेच बोटाने भरले. अडतीस वर्षांच्या संसारात आम्ही एकत्र केलेलं हे पहिलं काम.

काम चालू असताना ती सारखी विचारत होती, इथे जास्त झालं का, तिथलं पुसू का. मी पंजा वर केला. तुला माझा पंजा माहीत आहे. सूत धरलेलं असताना कुणी बोललं की नजर हलते, म्हणून तोंडाने न बोलता मी हात वर करायचो. गवंडी गप्प, हमाल गप्प, घरमालकसुद्धा गप्प. तुझ्या वहिनीला तर त्याची इतकी सवय झालीये की वाक्य अर्ध्यावर सोडून देते, आणि नंतर विचारलं तर म्हणते, "काही नाही हो."

आता रोज सकाळी चौदा पट्ट्या जाणं आणि चौदा येणं. काल एकदाही अडकलो नाही. ती माझ्यामागे दोन्ही हात पुढे करून चालते, धरत नाही, पण पडलो तर धरेल अशी. तोंडातून ब्र काढत नाही. दारापाशी पोहोचलो की मागून आवाज येतो, "एक, दोन, डावा," आणि मी वळतो. काल म्हणाली, "इतकी वर्षं फुकट गप्प बसले. आता निदान दवाखान्याच्या सल्ल्याने बसते." मला हसू आलं. तिला आलं नाही.

अहवालाचं काय झालं?

दादा


१५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

अहवाल काल हातात आला. वाईट काही नाही, उलट बराच चांगला आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी येतेय, तेव्हा समोर बसवून सांगेन. तुला असल्या गोष्टी पत्राने सांगितल्या की तू आपल्याला हवं तेवढंच वाचतोस. नियमही तेव्हा जरा सैल करू.

परवा वहिनीचा फोन आला होता. बराच वेळ बोलली, हसत होती. दादा, गप्प बसायचा नियम पट्ट्यांपुरता आहे, हे तुला माहीत आहे ना? खुर्चीत बसलेला असताना बोलत जा तिच्याशी.

पट्ट्यांचा फोटो वहिनीने पाठवला. आमच्या विभागात सगळ्यांना दाखवला.

चिंगी


९ मार्च

चिंगे,

तुझी वहिनी गेल्याला आज चौदा दिवस झाले. तू येऊन पाच दिवस राहिलीस, स्वयंपाक केलास, आल्यागेल्याला उत्तरं दिलीस. त्या पाच दिवसांत मी तुला काही सांगितलं नाही. माझा आवाज निघत नव्हता, आणि निघाला असता तरी सांगितलं नसतं. आता कागदावर सांगतो.

सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. मी पुढे, ती मागे. मी एकेक पट्टी धरत गेलो, चौदा झाल्या, दाराला हात लावला आणि "एक, दोन, डावा"ची वाट पाहत उभा राहिलो. आवाज आला नाही. मला वाटलं, रुसली. मग वळायला गेलो आणि पाय जमिनीला खिळले. दाराच्या फळीवर एक गाठ आहे, तिच्याकडे बघत मी उभा होतो. किती वेळ ते ठाऊक नाही. हाका मारल्या, पण माझी हाक म्हणजे तुला माहीत आहे. शेवटी शेजारीण दूध द्यायला आली आणि तिने बाहेरून दार ढकललं, तेव्हा धक्क्याने मी वळलो. तुझी वहिनी आठव्या पट्टीपाशी भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, लगेच कळलं असतं तर काही करता आलं असतं.

ती एक शब्द बोलली नाही, चिंगे. पट्ट्यांवर बोलायचं नाही असा तुझा नियम होता ना. तिने पाळला.

दादा


२० मार्च

दादा,

तुझं पत्र मी कामावर वाचलं, ही चूक झाली. त्यानंतरच्या दोन रुग्णांना मी काय सांगितलं ते मला आठवत नाही.

तू लिहिलंस त्यात तू मला दोष दिला नाहीस असं कुणी म्हणेल. पण मी तुझी बहीण आहे. तो नियम मी लिहिला, माझ्या हाताने, आणि वर गंमत म्हणून लिहिलं की मोडला तर भांडायला येईन. ज्या बाईला अडतीस वर्षं बोलू दिलं नाही, तिला मी आणखी एक कारण दिलं. मी माझ्या साहेबांना सगळं सांगितलं. काही दिवस मला रुग्ण देऊ नका म्हटलं. आता मी कागदपत्रांच्या टेबलावर बसते.

एकच विचारायचंय. नीट आठवून सांग. तिने खरंच काहीच आवाज केला नाही? हुंदका, "अहो", काहीही?

चिंगी


८ एप्रिल

चिंगे,

लिहिलंय तेच. काही बोलली नाही.

कामावर परत जा. खुळ्यासारखं टेबलावर बसून कुणाचं भलं होणार आहे? शेजारीण दोन वेळचं जेवण आणून देते. घर शांत आहे, त्यामुळे मी न अडकता चालतो. फक्त दारापाशी वळता येत नाही. तिथे भिंतीला खुर्ची ठेवली आहे. बसतो, बसल्या बसल्या फिरतो, आणि उठतो. जमतं.

दादा


३० एप्रिल

दादा,

रुग्णांच्या घरच्यांना आम्ही एक माहितीपत्रक देतो. त्यात 'चालताना बोलू नका' असं वाक्य आहे. साहेब ते बदलणार आहेत, आणि बदल का केला ते खाली चार ओळींत छापणार आहेत, नावाशिवाय. घडलं ते घरच्या माणसाने लिहून सही करून द्यावं असं त्यांचं म्हणणं आहे. 'पत्नीला त्रास होऊ लागला, पण सूचनेप्रमाणे ती गप्प राहिली,' असा मजकूर मी सोबत पाठवलाय. खरा असेल तर खाली सही करून पाठव.

हा कागद पुढे शेकडो घरांत जाईल. तिथल्या बायका तो वाचून ठरवतील, हाक मारायची की नाही.

चिंगी


१७ मे

चिंगे,

तुझा कागद बारा दिवस समोर पडून आहे. तीनदा पेन टेकवलं. सही उमटली नाही, आणि या वेळी हात थरथरत होता म्हणून नव्हे.

ती बोलली होती.

पहिल्यांदा "अहो" म्हणाली तेव्हा मी सहाव्या पट्टीवर होतो. मी पंजा वर केला. मागे न बघता, नेहमीसारखा. मग आठव्या पट्टीपाशी ती पुन्हा काहीतरी म्हणाली. काय ते मला नीट कळलं नाही. लक्ष पायांत होतं, तूच सांगतेस ना, की माझं लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी राहतं. आवाज आला, शब्द आत शिरले नाहीत. मी पंजा तसाच वर धरला आणि पुढच्या सहा पट्ट्या संपवल्या. त्या दिवशी मला चौदाच्या चौदा न थांबता करायच्या होत्या. तू येणार होतीस, तुला दाखवायचं होतं.

तुझ्यावर ढकललं, कारण तू लांब होतीस आणि तुला ते पेलेल असं वाटलं. लहानपणीही फुटलेल्या वस्तू मी तुझ्याच नावावर खपवायचो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. तुझ्या नियमाचा दोष नाही. पण माझाही पूर्ण नाही, एवढं तरी तू समजशील. तुझ्याच शास्त्रात बसतं ते. हा आजार माणसाचे कान बंद करतो.

कागद सही न करता परत पाठवतोय. कामावर जा.

दादा


२५ मे

दादा,

आजपासून कामावर परत गेले. पहिल्या रुग्णाला चालवताना त्याची बायको शेजारी गप्प उभी होती. मी तिला म्हटलं, काही वाटलं तर हाक मारा, तो थांबला तरी चालेल.

आता तुझा अहवाल. मार्चमध्ये समोर बसवून सांगणार होते. मी आले ती वेगळ्याच कारणासाठी आले आणि तो पिशवीतच राहिला. नुसतं चालताना कानातल्या वीस शब्दांपैकी तू नऊ सांगितलेस. 'मोठं पाऊल' म्हणत चालताना पाच. त्या फेरीत तुझ्या डोक्याचा पुढचा भाग इतका राबत होता की टोपीवालीला यंत्र बिघडलं असं वाटलं. आणि पट्ट्यांवर, दादा, वीसपैकी अठरा. पट्ट्यांवर मालकाला काम उरलंच नव्हतं. तू तिथे चालूही शकत होतास आणि ऐकूही शकत होतास. तुझ्यापुरता तरी तो नियम लागत नव्हता.

हे मला चौदा फेब्रुवारीला कळलं. वहिनी जायच्या नऊ दिवस आधी. एका ओळीत लिहून टाकायचं होतं, 'वहिनी, खुशाल बोल.' मी लिहिलं नाही, भेटीत सांगू म्हटलं. ते माझं. ते मी कुणावर ढकलत नाही.

आणखी एक. त्या फोनवर वहिनी हसत होती ते कशाला, ते तुला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "अगं, हे चहा पितानाही पंजा वर करतात. बसलेल्या माणसाला कुठे पाऊल टाकायचं असतं?" मीही हसले. म्हटलं, थोडे दिवस ऐक त्याचं.

तू पहिल्यांदा लिहिलंस की ती बोलली नाही, तेव्हा मला खरं वाटलं, कारण 'ऐकू आलं नाही' असं तू म्हणाला नाहीस. आता म्हणतोयस. आजाराने तुझे पाय घेतले, आवाज घेतला, अक्षर घेतलं. कान घेतले नाहीत. तिचं ऐकायचं नाही, हे तुझं तू आजाराच्या तीस वर्षं आधी ठरवलं होतंस.

आठव्या पट्टीपाशी ती जे म्हणाली ते रेघांच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठव. मला ते वाचायचंय. कळलं नाही, शिरलं नाही, असलं काही लिहू नकोस. बादली आणि चमचा तुला लक्षात राहिले.

चिंगी


२ जून

चिंगे,

"अहो, थांबा. मला धरा."

दोनदा म्हणाली.

दादा